मान खाली घालून विचारलेलं

मंगळवारी सकाळी दवाखान्याच्या मागच्या दाराने दोन माणसं आत आली. त्यातल्या म्हाताऱ्याला पाहताच धाकटीच्या हातातली फाइल तिरकी झाली आणि कागद जमिनीवर पसरले.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी. वय एकोणचाळीस झालं, पुढचे केस पांढरे व्हायला लागले, तरी आईच्या तोंडी ते नाव बसलं ते बसलंच. लोकांचे कान तपासायचं काम ती अकरा वर्षं करत होती. कुणाला किती ऐकू येतं ते मोजायचं, आलेख काढायचा, गरज असेल त्याला कानाचं मशीन बसवून द्यायचं.

आणि समोर उभे होते मास्तर.

मास्तर कधीकाळी शाळेत शिकवायचे. पुढे लोक त्यांच्याकडे मनातले प्रश्न घेऊन यायला लागले आणि शाळा सुटली. आता दर गुरुवारी त्यांची बैठक भरायची. एकेकाने पुढे जायचं, त्यांच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसायचं, मान खाली घालून हळू आवाजात एकच प्रश्न विचारायचा. मास्तर दोन-तीन शब्दांत उत्तर द्यायचे. त्यांचा आवाज जरा चढाच होता, पण लोकांना तो अधिकाराचा वाटायचा. धाकटीच्या घरात गेली बावीस वर्षं मास्तरांना विचारल्याशिवाय पान हललं नव्हतं. ती कोणता कोर्स करणार, कुठे नोकरी धरणार, भाड्याचं घर बदलायचं की नाही, सगळं तिथेच ठरलं होतं.

"हे बाहेर जाता कामा नये," बरोबरचा माणूस म्हणाला. तो मास्तरांचा सचिव. बारीक अंगाचा, सतत घड्याळ बघणारा.

"इथलं काहीच बाहेर जात नाही," धाकटी म्हणाली.

तिने मास्तरांना साउंडप्रूफ खोलीत बसवलं, हेडफोन लावला, हातात बटण दिलं. आवाज ऐकू आला की दाबा, कितीही बारीक असला तरी, हे ती तोंडाने सांगायला गेली, तर सचिवाने झटकन कागद पुढे केला. "लिहून द्या."

काचेच्या अलीकडे बसून तिने आवाज सोडायला सुरुवात केली. चाळीस डेसिबल. मास्तर शांत. पन्नास, साठ, सत्तर. मास्तर समोरच्या भिंतीकडे बघत होते, बैठकीत बघायचे तसेच, आणि त्यांचा अंगठा बटणावर नुसता ठेवलेला होता. ऐंशीला अंगठा हलला. दुसऱ्या कानाला तर नव्वदला. एवढंच ऐकू येणाऱ्याला शेजारून ट्रक गेलेला जेमतेम कळतो. कुजबुज कळायचा प्रश्नच नव्हता.

"किती दिवसांपासून?" तिने विचारलं.

सचिवाने बॅगेतून दुसऱ्या गावच्या तपासणीचा एक जुना रिपोर्ट काढून टेबलावर ठेवला. धाकटीने तारीख वाचली. आठ वर्षांपूर्वीची. तेव्हाही सत्तर डेसिबलच्या आतलं काहीच ऐकू येत नव्हतं.

तिने नकळत बोटांवर वर्षं मोजली.

तिची थोरली बहीण सात वर्षांपूर्वी घर सोडून गेली होती. कारण म्हटलं तर छोटंसं होतं. थोरलीने एका गुरुवारी मास्तरांना काहीतरी विचारलं, उत्तर मिळालं, आणि भरल्या हॉलमध्ये ती उठून म्हणाली, "यांनी माझा प्रश्न ऐकलाच नाही." आईची मान शरमेने खाली गेली. घरी येऊन कडाक्याचं भांडण झालं. आई म्हणाली, माफी माग. थोरली म्हणाली, कशाची? चार दिवसांनी तिने बॅग भरली. तेव्हापासून आईने घरात तिचं नाव काढलं नव्हतं. वर्षभराने न राहवून धाकटीने बैठकीत विचारलं होतं, "ताईला फोन करू का?" मास्तर म्हणाले होते, "थांब."

ती थांबली होती. सहा वर्षं.

संध्याकाळी घरी आली तेव्हा आई खिडकीपाशी खुर्चीत धापा टाकत बसली होती. स्वयंपाकघरापासून खिडकीपर्यंत चालत आल्याने तिला दम लागायचा. हृदयाची एक झडप नीट उघडत नव्हती आणि सर्जनने ऑपरेशन सांगितलं होतं. पुढच्या आठवड्यातली तारीख राखून ठेवली होती. शुक्रवारी दुपारी एकपर्यंत हो की नाही कळवायचं, नाहीतर ती तारीख दुसऱ्याला जाणार.

"परवा गुरुवारच आहे," आई म्हणाली. "विचारते आणि टाकते कळवून. ते नको म्हणाले तर नको."

"आई, पण डॉक्टर..."

"डॉक्टरांना झडप दिसते. मास्तरांना माणूस दिसतो."

धाकटीने पुढचे शब्द गिळले. काय सांगणार होती? पेशंटची गोष्ट बाहेर सांगणं म्हणजे नोकरीवर पाणी. आणि ते बाजूला ठेवलं, तरी बावीस वर्षं ज्याच्या आधारावर आई उभी होती तो आधार ऑपरेशनच्या तोंडावर काढून घ्यायचा? त्या धक्क्यानेच काही झालं तर? आणि नाही सांगितलं, आणि मास्तर 'थांब' म्हणाले तर? भाजी चिरताना तिचं लक्ष नव्हतं. दोनदा बोट कापता कापता वाचलं.

बुधवारी मास्तर पुन्हा आले. नवीन मशीन यायला वेळ होता, तोवर दवाखान्यातलं एक लावून बघायचं होतं. लावताना खोलीत शांतता लागते, असं सांगून तिने सचिवाला बाहेर बसवलं. ते खोटं नव्हतं, अगदी खरंही नव्हतं.

मशीन कानामागे बसवून तिने आवाज हळूहळू वाढवला. मास्तर दचकले.

"हे काय वाजतंय?"

"एसी आहे."

"हा असा सारखा वाजतो?" त्यांनी छताकडे पाहिलं. "कसं सहन करता तुम्ही लोक?"

एरवी तिला हसू आलं असतं. "मास्तर, एक विचारू?"

"विचार की. कितीतरी वर्षांनी कुणीतरी विचारेल आणि मला कळेल."

"सहा वर्षांपूर्वी मी तुम्हाला विचारलं होतं, माझ्या बहिणीला फोन करू का. तुम्ही 'थांब' म्हणालात."

मास्तर तिच्या ओठांकडे बघत होते. जुनी सवय. "मला आठवत नाही, बाळ."

"तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं."

"नाही."

"मग 'थांब' का म्हणालात?"

त्यांनी हात मांडीवर ठेवले. "लोक मान खाली घालून विचारतात. मला नुसते भांग दिसतात. भांग आणि खांदे. ज्याचे खांदे कानाला भिडलेत, त्याला मी 'थांब' म्हणतो. ज्याचे गळून गेलेत, त्याला 'कर'. कुणी रडत असेल तर 'होईल'. आठ वर्षं या तीन शब्दांवर चाललंय."

"आणि कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"ज्यांचं बरोबर येतं ते फुलं घेऊन येतात. म्हणतात, तुम्ही म्हणालात तस्संच झालं. ज्यांचं चुकतं ते कशाला सांगायला येतील? त्यांना वाटतं, आपलंच काही चुकलं असेल." ते क्षणभर थांबले. "एक मुलगी म्हणाली होती मात्र. उभी राहून म्हणाली. तिचे ओठ मला दिसले होते."

ती मुलगी कोण हे तिने सांगितलं नाही.

"आधी मला लाज वाटली," मास्तर म्हणाले. "मग भीती. सुरुवातीला मी खरंच सांगायचो, मला विचारू नका, सत्य आपल्या आत शोधा. त्यांनी ते वाक्य मोठ्या अक्षरांत हॉलमध्ये लावलं, आणि त्याच्याखाली रांग लावली."

तिला त्यांचा राग यायला हवा होता. आलाही होता. पण रागाच्या आधी तोंडातून भलतंच निघालं. "उद्या माझी आई येणार आहे. हृदयाचं ऑपरेशन आहे तिचं. तुम्ही नाही म्हणालात तर ती करणार नाही. तिला एवढंच म्हणा, करून घ्या, घाबरू नका."

"बरं. म्हणेन. ओळखू कशी?"

"निळी शाल असेल. मी शेजारी असेन."

"निळी शाल. करून घ्या, घाबरू नका." वाण्याची यादी पाठ करावी तसं ते पुटपुटले. "एवढंच ना?"

"एवढंच. मशीन लावूनच बसा ना उद्या."

"तो बाहेर बसलाय ना, तो बैठकीत लावू द्यायचा नाही, लोकांना दिसेल म्हणून," मास्तर म्हणाले आणि स्वतःच मशीन काढून तिच्या तळहातावर ठेवलं.

ते गेल्यावर तिला हलकं वाटायला हवं होतं. काम झालं होतं. पण दिवसभर तिच्या मनात पाल चुकचुकत राहिली. इतकं सोपं होतं हे? शालीचा रंग सांगितला की उत्तर मिळतं? मग आपण इतकी वर्षं काय ऐकत आलो? आणि आता आपणही तेच करतोय, दुसऱ्याच्या तोंडून आईला हाकतोय. तिने स्वतःला समजावलं की आईचा जीव वाचतोय, बाकी सगळं नंतर बघू.

गुरुवारी हॉल भरलेला होता. 'सत्य आपल्या आत शोधा' या पाटीखाली 'टोकन घेऊन रांगेत बसावे' अशी दुसरी पाटी होती. धाकटीने ती हजारदा वाचली असेल. आज पहिल्यांदा तिला तिथे बसवेना. त्यांचा तेविसावा नंबर. आईचा श्वास जोरात चालला होता. अठरा, एकोणीस. पुढचा एक गृहस्थ प्रश्न विचारून उठला. मास्तर त्याला 'थांब' म्हणाले होते, आणि त्याचे वर चढलेले खांदे तसेच वर राहिले. त्याला ओरडून सांगावं असं तिला वाटलं. ती गप्प बसली.

तेवीस. तिने आईला कोपराला धरून खुर्चीपाशी नेलं, गुडघ्यांवर बसवलं आणि तशीच धरून राहिली, नाहीतर आई पडली असती. मास्तरांनी निळ्या शालीकडे पाहिलं. कानामागे काही नव्हतं.

आईने मान खाली घातली. अगदी हळू, स्वतःशी बोलावं तसं ती म्हणाली, "माझी थोरली परत घरी येईल का?"

धाकटीने झटकन मास्तरांकडे पाहिलं.

"करून घ्या," मास्तर खणखणीत आवाजात म्हणाले. "घाबरू नका."

आईने मान वर केली. काहीतरी विचारायला तोंड उघडलं, पण सचिवाने चोविसावा नंबर पुकारला.

बाहेर आई बसस्टॉपच्या बाकावर टेकली. मग तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "धाकटे, मी थोरलीचं विचारलं. आणि ते म्हणाले, करून घ्या. म्हणजे आधी ऑपरेशन करून घ्या, मग ती येईल. असंच ना? मी तर ऑपरेशनचं नावही काढलं नव्हतं. बघ, त्यांना न सांगता कळलं!"

फक्त 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. आई आनंदाने ऑपरेशनला गेली असती. समोरून बस आली, थांबली, गेली.

"आई, ते उत्तर माझं होतं."

"म्हणजे?"

"मी काल त्यांना भेटले. तू ऑपरेशनचं विचारशील असं मला वाटलं. मीच त्यांना सांगितलं, असं असं म्हणा. निळी शाल असेल म्हणून सांगितलं."

आईने शालीचं टोक हातात घेतलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. "आणि मी जे विचारलं ते?"

धाकटी रस्त्याकडे बघत राहिली.

"त्यांना ऐकू येत नाही का?"

"मला त्यावर बोलता येणार नाही, आई. कामाचं आहे."

अकरा वर्षं आईने तिच्या कामाच्या गप्पा जेवताना ऐकल्या होत्या. कामाचं म्हणजे काय, हे तिला वेगळं सांगावं लागलं नाही. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. "ती हेच म्हणाली होती," आई म्हणाली. "अगदी हेच. आणि मी तिला दार दाखवलं."

घरी येऊन आई आपल्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. धाकटीने बाहेरून विचारलं, "उद्याचं काय करायचं?"

"मला विचारू नकोस. मीही तुला विचारणार नाही."

शुक्रवारी सकाळीही ते दार उघडलं नव्हतं. आतून खोकल्याचा आवाज येत होता, म्हणून धाकटी कशीबशी कामावर गेली. तिचा जीव टांगणीला लागला होता. आपण खरं बोललो आणि आईला मारलं, हे एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. कुणाला विचारावं? सवयीने मन मास्तरांकडे धावलं आणि तोंडावर आपटलं.

साडेदहाचा पेशंट आला नाही. ती साउंडप्रूफ खोलीत शिरली, दार लावलं आणि पेशंटच्या खुर्चीत बसली. अकरा वर्षांत ती तिथे कधी विनाकारण बसली नव्हती. तिथली शांतता तिला आवडायची नाही. तिथे आवंढा गिळलेला ऐकू येतो, कानातलं रक्त ऐकू येतं. ती उठून पळणार होती. उठली नाही.

आधी नुसती भीती होती. आई मेली तर, नोकरी गेली तर, ताईने फोन आपटला तर. एकेक भीती पुढे येत होती. ती वाट बघत राहिली, की आता आतून कुणीतरी बोलेल, मास्तरांसारखं, खणखणीत. कुणी बोललं नाही. पण बसता बसता तिला एक गोष्ट दिसली. सहा वर्षांपूर्वी मास्तरांसमोर मान खाली घालून ती बसली होती, तेव्हा ताईला फोन करायचा हे तिला आधीच माहीत होतं. ते तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणाच्या 'थांब'ने ते पुसलंही गेलं नव्हतं. सहा वर्षं ते तिथेच होतं. तिने फक्त तिकडे पाठ केली होती, कारण स्वतःच्या जबाबदारीवर करायची छाती नव्हती. यात मास्तरांचा दोष होताच. पण सगळा नव्हता. हे कळलं तेव्हा तिला बरं वाटलं नाही, रडू आलं. तरी पायाखाली काहीतरी लागलं, एवढं खरं.

ती बाहेर आली, जिन्यात उभी राहिली आणि तिने नंबर लावला.

"कोण?" पलीकडून आवाज आला.

"ताई, मी धाकटी."

"आई गेली का?"

"नाही गं! आहे. ऑपरेशन आहे. म्हणजे बहुतेक आहे. मला माहीत नाही."

"मग आज कशी आठवण झाली? कुणी परवानगी दिली?" आवाजात धार होती.

"कुणीच नाही. कुणालाच विचारलं नाही."

पलीकडे श्वास ऐकू आला. "सहा-सात वर्षं झाली, धाकटे."

"हो."

"मला आत्ता बोलायला जमणार नाही. रात्रपाळी करून आलेय. तारीख कळली की मेसेज कर." आणि फोन बंद. तिने फोन आपटला नव्हता. येते असंही म्हणाली नव्हती.

धाकटी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेली. आई टेबलापाशी बसली होती. चष्मा लावून, सर्जनने दिलेली पानं समोर पसरून. महिनाभर ती पाकिटातच पडून होती. कित्येक ओळींखाली पेन्सिलीने रेघा होत्या.

"आई, एक वाजायला आला."

"कळवलं मघाशीच. मीच फोन केला. त्या डॉक्टरला बोलवायला लावलं आणि विचारलं, शंभरातले किती जण टेबलावरच दगावतात? तो आधी गडबडला. मग म्हणाला, तुमच्या वयात तीन-चार. आणि नाही केलं तर? म्हणाला, दोन वर्षांत निम्मे जातात. इतकं साधं होतं बघ विचारायला. मी मान वर करून कधी कुणाला काही विचारलंच नाही."

"मग काय ठरवलंस?"

"करतेय." आईने चष्मा काढला. "मला काही प्रकाश-बिकाश दिसला म्हणून नाही हं. सकाळपासून डोळे मिटून बसले होते. तासभर नुसती धडधड. मग वाटलं, ही धडधडच तर आहे आपली. हिच्याशी कधी दोन शब्द बोललो नाही. बसून राहिले तिच्यापाशी. तेव्हा कळलं की मला मरायची फारशी भीती नाही. थोरलीला न भेटता मरायची आहे. त्याला वेळ लागेल, म्हणून करतेय. भीती वाटतेच आहे, ती काही जात नाही."

"मी ताईला फोन केला."

आईने टेबलाची कड धरली. "काय म्हणाली?"

"तारीख कळव म्हणाली. बाकी काही नाही."

"बरं," आई म्हणाली, आणि मग कितीतरी वेळ पानं नीट लावत राहिली.

ऑपरेशन झालं. झडप चांगली बसली, पण तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि नऊ दिवस आई अतिदक्षता विभागात राहिली. ते नऊ दिवस धाकटीला कुणाकडूनही 'होईल' ऐकावंसं वाटत होतं. चौथ्या दिवशी थोरली आली. एक बॅग, डोळ्यांखाली काळं, आणि आल्या आल्या कुणी किती वेळ बसायचं यावरून भांडण. पण ती राहिली. आई शुद्धीवर आली तेव्हा नळीमुळे तिचा घसा बसला होता. थोरली वाकून तिच्या तोंडाशी कान नेऊन बसली. आई काय म्हणाली ते थोरलीने कुणाला सांगितलं नाही. धाकटीनेही विचारलं नाही.

मास्तरांचं नवीन मशीन महिन्याने आलं. ते एकटेच घ्यायला आले. सचिवाने काम सोडलं होतं, आणि जाताना दवाखान्यावर तक्रारही ठोकली होती की इथून गोष्टी फुटतात. धाकटीला लेखी उत्तर द्यावं लागलं, निभावलं. मास्तरांनी एवढंच विचारलं, "निळ्या शालवाल्या बऱ्या आहेत?" ती म्हणाली, आहेत. बैठक अजून भरते म्हणे. मास्तर आता मशीन लावून बसतात, लोकांना मान वर करायला सांगतात आणि बहुतेकांना 'मला माहीत नाही' म्हणतात. रांग निम्म्यावर आली आहे. उरलेल्यांना त्या 'माहीत नाही'तही खोल अर्थ सापडतो.

आई घरी आल्यावर पंधरा दिवसांनी थोरली परत जायला निघाली. बॅगेची चेन लावता लावता ती म्हणाली, "आईला तीन-चार महिने माझ्याकडे न्यावं म्हणते मी. तिकडची हवा बरी आहे." आईने लगेच धाकटीकडे पाहिलं. थोरलीनेही पाहिलं. दोघी उत्तराची वाट बघत होत्या.

धाकटीच्या डोक्यात पुन्हा प्रश्न सुरू झाले. आईला प्रवास झेपेल का, तिकडे चांगला डॉक्टर असेल का, आणि आई गेल्यावर या घरात आपण एकटीने काय करायचं?

"मला आत्ता कळत नाहीये," ती म्हणाली. "आईला काय वाटतं ते आधी आईने सांगावं. माझं मी उद्या सांगते."

"उद्या म्हणजे उद्याच हं," थोरली म्हणाली. "मला तिकीट काढायचंय."

"उद्याच," धाकटी म्हणाली, आणि धुतलेल्या चादरी वाळत घालायला गच्चीवर गेली.